मठपती सरांचे न झालेले त्रिकोण

गेल्या उन्हाळ्यात कळंबला आमचं गणिताचं प्रशिक्षण होतं. चाळीसेक शिक्षक, एकच पंखा, आणि शिकवायला आलेली एक तरुण, उत्साही मुलगी. तिनं प्रत्येक गटाला सरबत प्यायच्या रंगीत प्लास्टिकच्या नळ्या दिल्या, कात्र्या दिल्या आणि सांगितलं, "वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कापा. कोणत्या तीन तुकड्यांचा त्रिकोण होतो आणि कोणत्यांचा होत नाही, ते लावून बघा."

सगळे कामाला लागले. वीस-वीस वर्षं शिकवणारी माणसं वाकून वाकून नळ्या जुळवू लागली. तीन, चार आणि नऊ घेतले की टोकं भेटतच नाहीत, हे बघून आमच्या गटातले एक सर खरोखर हसले. शेवटी त्या मुलीनं विचारलं, "या पद्धतीनं वर्गात कुणी शिकवलंय का आधी? किंवा शिकवताना बघितलंय?"

कुणीच हात वर केला नाही. मीही केला नाही. मी बघितलं होतं. सलग तीन वर्षं बघितलं होतं, आणि ते बंद पडलं त्यात माझाही हात होता.

तेव्हा मी पंचवीसची होते. बेंबळीच्या पुढं एका गावातल्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागले होते. धाराशिवात वाढलेली, गणितात पदवी घेतलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशा खात्रीची. पहिल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात शिरले तर सातवीची पोरं फरशीवर पालथी पडलेली, आणि त्यांच्यामध्ये एक पन्नाशीचा माणूस उकिडवा बसलेला. पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मला वाटलं शाळेचे शिपाई असतील, पोरांकडून झाडून घेत असतील. मी विचारलं, "मठपती सर कुठं भेटतील?"

त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "ह्या पोरीचा त्रिकोण झाला की भेटतील."

मठपती सर मूळचे लोहाऱ्याकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि बाजारात दोन्ही. चिडले की कानडी, लाड आले की कानडी. त्यांचं एक पालुपद होतं, "माडि नोडु." म्हणजे, करून बघ. आमच्या गावात कानडीचा एक शब्द कुणाला येत नव्हता, पण सातवीतलं प्रत्येक पोर हे म्हणायचं. विहिरीवर पोहायला शिकणारा भिऊन काठावर उभा राहिला की बाकीचे ओरडायचे, "माडि नोडु, माडि नोडु." गावातल्या बायका हसायच्या. त्यांना वाटायचं, ही काहीतरी शिवी आहे.

सरांना सरळ उत्तर देता यायचंच नाही. सकाळी रस्त्यावर एखाद्या बाईनं विचारावं, "गुर्जी, यष्टी गेली का हो?" तर हे तिच्यासोबत रस्त्यावर वाकून धुळीत टायरची नवी खूण दिसते का बघत बसायचे. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, नवं कपाट ऑफिसच्या दारातून आत जाईल का. सरांनी दार वितीनं मोजलं, कपाट मोजलं, मग वर्तमानपत्राचा कपाटाएवढा कागद कापून तो दारातून आत-बाहेर केला. तोवर दोन माणसांनी कपाट उचलून आत नेऊनही ठेवलं होतं. सर म्हणाले, "हां, जातंय." मुख्याध्यापक त्या दिवशी हसले, पण त्यांच्या मनातला सरांविषयीचा वैताग त्या हसण्यात मावत नव्हता.

भस्माचे तीन पट्टे सकाळी कोरीव असायचे. दुपारपर्यंत घामानं वरचा आणि खालचा पुसला जायचा आणि मधला तेवढा उरायचा. खिशात खडू, एक छोटी करवत आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे. लाकडी पट्टी त्यांनी कधी पोराच्या हातावर उचलली नाही. 'चूक' हा शब्दही मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. फळ्यावर दोन रकाने असायचे, एक 'झालं' आणि दुसरा 'न्हाई झालं'. दुसरा रकाना नेहमी लांब असायचा, आणि सर त्याच्याकडं जास्त वेळ बघत उभे राहायचे.

त्रिकोणाचा धडा आला की तूर काढून झालेल्या एखाद्या शेतातून सर तुराट्या घेऊन यायचे. पोरं त्या करवतीनं कापायची, दोन सेंटिमीटरपासून पंधरापर्यंत. मग तीन-तीन काड्या उचलायच्या आणि टोकाला टोक लावायचं. झाला तर 'झालं'मध्ये मापं लिहायची, नाही तर 'न्हाई झालं'मध्ये. यासाठी एक वेगळी वही होती, न झालेल्या त्रिकोणांची. तिच्यात दर वर्षीच्या पोरांनी भर घातलेली. तीन, चार, नऊ. दोन, पाच, आठ. खाली पोरानं आपलं नाव लिहायचं आणि का झालं नाही, ते आपल्या शब्दांत लिहायचं. 'दोघं भाऊ लहान पडले.' 'मोठी काडी लई ऐसपैस बसली, धाकट्यांचे हात पोचंनात.' नियम कुणीच लिहिलेला नसायचा. पण वही चाळत गेलं की आठव्या-दहाव्या पानावर कुठल्या तरी पोरानं लिहिलेलंच असायचं: 'बारक्या दोघांची बेरीज मोठ्याहून जास्ती पाहिजे, मगच जमतंय.'

आणि बेरीज बरोबर मोठ्या काडीएवढीच झाली तर? त्याला सर म्हणायचे, निजला. चार, पाच, नऊ घेतला की दोन्ही काड्या मोठीवर आडव्या पडतात, त्रिकोण उठतच नाही. "निजला बघा," सर म्हणायचे आणि पोरं हळू आवाजात बोलायची, तो जागा होईल म्हणून.

माझ्या तिसऱ्या वर्षी सातवीच्या वर्गात रेश्मा नावाची मुलगी होती. वडील गावातच शिलाईचं काम करायचे. बारीक अंगाची, आणि वाद घालायला कधी न थकणारी. चार-पाच-नऊचा त्रिकोण निजतो असं सगळ्या वर्गानं लिहिलं, आणि ही हात वर करून उभी.

"सर, माझा झालाय की."

पोरं हसली. सर गेले, उकिडवे बसले. खरंच झाला होता. रेश्माच्या वाट्याला जाडजूड तुराट्या आल्या होत्या. तिनं त्यांचे कोपरे अशा खुबीनं भिडवले होते की मध्ये बोटभर नाही, पण खडूच्या टोकाएवढी पोकळी दिसत होती. तीन बाजू, तीन कोन. बारका, पण त्रिकोण.

माझा वर्ग शेजारी होता. मी दारातून बघत होते. माझ्या ओठावर उत्तर तयार होतं: काडीला जाडी असते, रेषेला नसते, बस खाली. सरांनी मात्र त्या पोकळीत खडूचं टोक घालून बघितलं. मग म्हणाले, "तू बघितलंस ते खरं हाय. लिही, झालं. नाव घाल तुझं."

दुसऱ्या दिवशी ते घरचा खराटा घेऊन आले आणि त्याच्या काड्या तिच्यापुढं ठेवल्या. "आता ह्यानं कर." रेश्मानं मापून तोडल्या, लावल्या. पोकळी होती, पण आता डोळे बारीक करून बघावी लागत होती. तिसऱ्या दिवशी रेश्मा आपणहून वडिलांच्या मशीनवरचा दोरा घेऊन आली. मेण लावून ताठ केलेला. चार, पाच आणि नऊ सेंटिमीटरचे तुकडे तिनं पाटीवर ताणून ठेवले, आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिली.

"निजला का?" सरांनी विचारलं.

"निजला, सर. काडी जितकी बारीक करावी तितका तो खाली खाली निजतोय. लई बारीक केली तर पुरताच निजंल."

सरांनी तिच्याकडं बघितलं आणि काहीतरी कानडीत म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "ऐकलं का मॅडम?"

मी ऐकलं होतं. ही बारा वर्षांची मुलगी जे बोलत होती ते मला कॉलेजात गेल्यावर, तेही पाठ करून, आलं होतं. अंगावर काटा आला होता हे खरं. आणि हेही खरं की त्याच क्षणी मी मनात मोजलं: एका ओळीच्या गोष्टीसाठी तीन दिवस.

सरांच्या शिकवण्याचा उपयोग गावात एकदाच दिसला, तोही त्यांच्या नावाशिवाय. शाळेत सायकलींसाठी पत्र्याची शेड करायची होती. बेंबळीहून एक कारागीर आला. दोन खांबांमध्ये दहा फूट धरून त्यानं छपराच्या कैचीचे तिरपे अँगल सहा-सहा फुटांचे कापून आणले. पण खांब रोवायला गेला तर लिंबाच्या मुळ्या आडव्या आल्या, म्हणून दोन्ही खांब एकेक फूट बाहेर सरकवले. आता मधलं अंतर बारा झालं. अँगलवर खडूनं '६' लिहिलेलं होतं, आणि खांबांमध्ये धरलेल्या फितीवर बारा दिसत होतं. मधल्या सुट्टीत पोरं तिथं घुटमळत होती. रेश्मा पळत वर्गात आली.

"सर, त्यांची शेड निजणार हाय."

सर उठले नाहीत. म्हणाले, "मग त्यांना काड्या दाखव जा. माझं नाव सांगू नको."

कारागीर आधी वैतागला. "व्हा बाजूला, माझी हयात गेली ह्यात," म्हणाला. रेश्मानं न बोलता जमिनीवर तीन काड्या ठेवल्या, सहा, सहा आणि बारा. त्यानं एकदा काड्यांकडं बघितलं, एकदा वर. मग खाली बसून स्वतःच लावून बघितल्या. दोनदा. आणि तोंडावरून हात फिरवत म्हणाला, "बरं झालं, वेल्डिंग मारलं नव्हतं." जाताना त्यानं रेश्माला विचारलं, "कुणी शिकवलं गं तुला?" रेश्मा म्हणाली, "कुणी न्हाई. म्याच बघितलं." सरांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढा फुलला की मला आश्चर्य वाटलं. माझं नाव एखाद्या पोरीनं असं गाळलं असतं तर मला राग आला असता.

त्याच वर्षी तपासणी आली. साहेब सातवीच्या वर्गात गेले तर फळ्यावर दोन रकाने, आणि पोरं जमिनीवर. साहेबांनी विचारलं, "त्रिकोणाच्या बाजूंचा गुणधर्म सांगा." कुणालाच शब्द उमगेना. एक पोरगी उठून म्हणाली, "साहेब, तुमी तीन आकडे सांगा, जमतंय का न्हाई ते आमी सांगतो." साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी वह्या तपासल्या. पुस्तकातले निम्म्याहून कमी धडे झाले होते. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या चाचणीचा निकाल आला. त्रिकोणावरचा प्रश्न झाडून सगळ्यांचा बरोबर होता. पुढची पानं कोरी होती. व्याज नाही, नफा-तोटा नाही, समीकरणं नाहीत. तिथवर सर पोचलेच नव्हते.

मग शाळा समितीची बैठक झाली. पालक म्हणाले, मास्तर पोरांना काड्या खेळवतात. एक जण म्हणाला, माझ्या पोराला पाढे येत न्हाईत, पण घरात सगळं मोजत बसतंय. कुणी वाईट बोललं नाही, सरांना सगळे मानत होते. पण आपल्या पोरांचं नुकसान होतंय हे त्यांना दिसत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

बैठक झाल्यावर मुख्याध्यापकांनी मला थांबवून घेतलं. "मॅडम, तुम्ही गणिताच्या पदवीधर आहात. शेजारच्या वर्गात तीन वर्षं बघताय. तुमचा अभिप्राय म्हणून दोन ओळी लिहून द्या. मला पुढं कागद लावावा लागतो." आणि थोडं थांबून, "तुमची तीन वर्षंही आता भरतायत. कायम करायचा शेरा मलाच द्यायचाय."

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. ते सहज बोलले असतील. पण मी टेबलापाशी बसले आणि लिहिलं: 'सदर शिक्षकांचा अभ्यासक्रम दरवर्षी अपूर्ण राहतो. पुढील इयत्तेत विद्यार्थ्यांना अडचण येते. वर्ग अन्य शिक्षकांकडे द्यावा असे वाटते.' खाली सही केली. अक्षर छान आलं होतं, हे आठवतं.

आज इतक्या वर्षांनी त्या कागदाला भीती हे एकच कारण देणं सोपं आहे. भीती होतीच. पण मला तो वर्ग हवाही होता. सुट्टी झाली तरी पोरं सरांच्या मागं मागं जायची. माझ्या वर्गातली पोरं घंटा वाजली की दप्तरं उचलायची. हे मला तीन वर्षं टोचत होतं.

सातवी माझ्याकडं आली. सरांना ऑफिसात बसवलं, पोरांची माहिती संगणकावर भरायला. वर्ग सोपवताना त्यांनी न झालेल्या त्रिकोणांची वही माझ्या हातात दिली आणि सुतळीनं बांधलेली काड्यांची मोळी टेबलावर ठेवली. "मापं घातलेली हायत सगळ्यांवर," एवढंच म्हणाले. मी वही कपाटात आणि मोळी कपाटावर ठेवून दिली. पावसाळ्यात एके दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना चूल पेटवायला वाळलेलं काही मिळेना. त्यांनी विचारलं, "बाई, ह्या काड्या लागत्यात का तुमाला?" मी वह्या तपासत होते. मान हलवली. ती 'नाही' अशी हलवली हे मला चुलीचा धूर आल्यावर समजलं. उठून गेले असते तर निम्म्या तरी वाचल्या असत्या. मी उठले नाही.

पोषण आहाराच्या त्या खोलीसमोरच ऑफिसची खिडकी होती. सर एका बोटानं अक्षरं शोधत होते. त्यांनी धुराकडं बघितलं का, मला माहीत नाही.

मी नियम फळ्यावर लिहिला, चौकटीत घेतला, पाच उदाहरणं सोडवली आणि चाळीस मिनिटांत पुढं गेले. रेश्मा तेव्हा आठवीत गेली होती. आमच्या शाळेत आठवीही होती आणि तिचं गणितही माझ्याकडंच आलं. सुरुवातीला ती प्रत्येक तासाला हात वर करायची. "मॅडम, लावून बघू का?" मी म्हणायचे, "आता वेळ नाही, रेश्मा. लिहून घे." दिवाळीपर्यंत तिनं हात वर करणं सोडलं. तिला मार्क चांगले पडले. सगळ्या वर्गाला चांगले पडले. तालुक्यात आमच्या शाळेचं नाव घेतलं गेलं आणि मला कायम केल्याचा कागद आला. पालकांनी शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला.

त्याच दिवसांत कधीतरी व्हरांड्यात समोरासमोर आल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्ग लई शांत असतो."

मी "थँक्यू सर" म्हटलं. घरी आईला सांगितलं, मठपती सरांनीसुद्धा कौतुक केलं म्हणून. ते वाक्य कौतुकाचं नव्हतं हे समजायला मला काही वर्षं लागली. एकदा अशाच शांत वर्गात शिकवता शिकवता मी मागं वळले. पस्तीस पोरं माझ्याकडं बघत होती, आणि एकाच्याही चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

दोन वर्षांनी सरांची बदली त्यांच्या गावाकडं झाली. निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला. मी त्यांच्यावर भाषण केलं. चांगलं केलं. पुढं ते निवृत्त झाल्याचं कळलं. दर वर्षी वाटायचं, एकदा भेटून यावं. लोहारा काही परदेशात नाही. पण मी गेले नाही.

कळंबचं प्रशिक्षण संपलं त्याच्या पुढच्या रविवारी गेले. एस.टी.तून उतरून विचारत विचारत घर शोधलं. दोन खोल्या, पुढं तुळस. सरांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. आतल्या खाटेवर सर बसले होते. वाळले होते. कपाळावर तिन्ही पट्टे शाबूत होते, कारण घाम येईल असं आता ते काही करत नव्हते.

"या मॅडम. या," म्हणाले. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

काकूंनी शेंगाची चटणी, भाकरी, ताक असं पुढं ठेवलं. इकडचं तिकडचं झालं. सर पाण्याला आत गेले तेव्हा काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या शाळेतली शेवटची दोन वर्षं हे घरी येऊन बोलायचेच न्हाईत. आधी जेवताना डोकं उठवायचे, अमकीनं असं केलं, तमक्यानं तसं केलं. मी म्हणायची, जेवा आता. मग एकदम बंदच झालं. मला आधी बरं वाटलं. मग भ्या वाटाय लागलं."

सर परत येऊन बसले. मी हातातला घास ताटात ठेवला.

"सर, एक सांगायचं होतं. तुमचा वर्ग काढला ना, त्या वेळी एक अभिप्राय दिला होता कुणीतरी. तो मी लिहिला होता."

"ठाऊक हाय की," सर म्हणाले. "मला वाचून दाखवला होता. वाचला म्हणून माझी सही घेतली त्यावर. तुमच्या सहीच्या शेजारीच."

म्हणजे वही हातात देताना त्यांना ठाऊक होतं. शांत वर्गाचं बोलले तेव्हा ठाऊक होतं. मी भाषण केलं तेव्हा समोर खुर्चीत हार घालून बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"त्यात तुम्ही खोटं काय लिहिलं न्हवतं. धडे राहायचेच माझे. मलाबी ते पटत होतं, पण जमत न्हवतं. पोरगं बघत बसलं की त्याला उठवायचं कसं, ते मला कधी आलं न्हाई." ते थांबले. ताकाच्या भांड्यावरची माशी हातानं उडवली. "एकच वाटलं. तुम्ही शेजारी होता. तीन वर्षं दारातनं बघत होता. पोरं शिकतायत, एवढं एक वाक्य त्यात घालता आलं असतं."

काकू उगाच भाकरीचं टोपलं पुढं सरकवत राहिल्या.

जरा वेळानं सरांनी विचारलं, "रेश्मा काय करती आता?"

मला माहीत नव्हतं. दहावीनंतर लग्न झालं असं ऐकलं होतं, कुठल्या गावाला ते विचारलं नव्हतं. तसं सांगितलं. सर "बरं" म्हणाले. त्या दिवशी ते माझ्यावर खरे नाराज झाले ते एवढ्यावरच, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी निघाले तर चपला घालून तेही निघाले. मी नको नको म्हणत असताना स्टँडपर्यंत आले. थेट एस.टी. नव्हती, म्हणून मी जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर निघायचा नाही. मी म्हटलं, "सर, ऊन आहे, तुम्ही जा." ते म्हणाले, "जाईन की, भरू द्या." अर्धा तास मी आत खिडकीपाशी, आणि ते बाहेर खिडकीला हात धरून उभे. एकेक माणूस येऊन बसत होतं. मला किती तरी बोलायचं होतं. कळंबला काय झालं ते सांगायचं होतं. त्या मुलीनं हात वर करायला सांगितलं तेव्हा मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं, हे सांगायचं होतं. मी विचारलं, "काकूंची तब्येत बरी असते ना?" ते म्हणाले, "बरी असती." मग आम्ही दोघंही रस्त्याकडं बघत राहिलो.

दिवाळीनंतर सर गेल्याचं कळलं. म्हणजे ती शेवटची भेट होती.

जीप सुरू झाली आणि वळून मोठ्या रस्त्याला लागली. मी मान बाहेर काढून मागं बघितलं. सर रस्त्याच्या कडेला एकटेच उभे होते. त्यांनी हात वर केला. मीही खिडकीतून हात काढून जोरजोरात हलवला. त्यांचा हात हलेना. तेव्हा दिसलं, त्यांनी तो ऊन अडवायला डोळ्यांवर धरला होता आणि ते दुसऱ्याच एका जीपकडं बघत होते.